घोड्याला घाबरणारा वीर

मखमलाबादच्या चिमाजी माळ्यांची जीभ कशी चालते, ते फुलबाजारात विचारावं. शेवंतीच्या एका वाट्यावरून ते गिऱ्हाइकाला रडकुंडीला आणतील. पण घरी गोजराबाईंनी एक विषय काढला, की हेच चिमाजी विहिरीवरची मोटार बघायला निघून जात. इतक्या वेळा बघितलेली मोटार अख्ख्या नाशकात दुसरी नसेल.

विषय टाकाचा. घरातला अविवाहित मुलगा अवेळी गेला, की तो त्या घराचा वीर होतो. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक करतात, हातात तलवार घेतलेला घोडेस्वार. तो देव्हाऱ्यात बसतो आणि धुळवडीला लाल कापडात गुंडाळून, वाजतगाजत, नाचवत रामकुंडावर अंघोळीला नेतात. त्यांचा मुलगा ज्ञानेश पिंपळगावजवळ हायवेवर, फुलं पोचवून परतताना गेला. त्याला दोन धुळवडी उलटल्या होत्या. टाक अजून झाला नव्हता.

"लोकांची पोरं अंघोळीला जातात, आपलंच तेवढं बाहेर," गोजराबाई म्हणत.

"तलवार कुणाच्या हातात देतेस?" चिमाजी उसळत. "त्याला धड कांदा चिरता येत नव्हता. चुलतभावाच्या वरातीत घोडा फुरफुरला, तर हा मांडवामागं जाऊन बसला होता!"

हे खरंच होतं. आणि हेही खरं, की एकदा टाक देव्हाऱ्यात बसला की मुलगा कायमचा गेला असं मानावं लागणार होतं. पण ते त्यांना कोण बोलणार?

तेवढ्यात शेजारच्या निकितानं गंगापूर रोडच्या कलादालनात आपल्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. दाराला झेंडूचं तोरण हवं, म्हणून चिमाजी स्वतः गेले. आत सगळे टाकावरचे घोडेस्वार, पण भिंतीएवढे. चिलखतं, शिरस्त्राणं, पंखांचे घोडे; द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाला वेटोळं घालून बसलेला, सिंहाच्या तोंडाचा अजगर. एक चष्मेवाले गृहस्थ मध्ययुगावर जोरजोरात बोलत होते. त्यांची बायको मोबाईल बघत होती.

चिमाजी शेवटच्या चित्रापाशी थबकले. या स्वाराची तलवार म्यानातच होती. त्यानं दोन्ही हातांनी घोड्याची आयाळ गच्च धरली होती, डोळे मिटले होते आणि चिलखताखाली पायात रबरी चप्पल होती.

"हा कोण गं?"

"ज्ञानेशदादा," निकिता हळूच म्हणाली. "काकूंना विचारलं होतं मी. म्हणाल्या, काढ, पण यांना सांगू नकोस."

चिमाजींना हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "घाबरलाय की लेकाचा!"

"घाबरलाय. पण बसलाय ना, काका."

दालन बंद व्हायची वेळ झाली, चष्मेवाले घरी गेले, तरी चिमाजी तिथंच उभे. मग उपरण्यानं तोंड पुसून निघाले, ते घरी न जाता थेट सराफ बाजारात.

"हात आयाळीवर घेता येतील का?" त्यांनी सोनाराला विचारलं.

"ठसा आजोबांच्या वेळचा आहे, माळीबुवा. त्यातनं सगळे एकसारखेच निघतात. घोडा, तलवार, मिशा."

"मिशा नव्हत्या त्याला." चिमाजी घुटमळले. "असू द्या. आम्ही ओळखू."

धुळवडीला रामकुंडावर ही गर्दी. संबळ वाजत होता, घरोघरचे वीर नाचत होते. नाचताना चिमाजींचे पाय सारखे चुकत होते, आणि गोजराबाई मागून "अहो, जपून, पडेल तो!" म्हणत होत्या. पाण्याशी आल्यावर त्यांनी लाल कापड सोडलं, टाक गोदावरीत बुडवला, वर काढला. पोरांना न्हाऊ घालून पुसतात तसा पुसला, आधी डोकं, मग कान.

"थंडी वाजंल त्याला," चिमाजी म्हणाले आणि टाक परत कापडात गुंडाळला.