वरची ओळ दाब

किस्से गोळा करावे लागत नाहीत. बंद पडलेले जुने लॅपटॉप गोळा केले की ते आपोआप जमतात. आमचे तसेच जमले, कात्रपला मिलिंदच्या घरी. हरीश उल्हासनगरहून वडिलांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले लॅपटॉप आणायचा आणि आम्ही तिघं रविवारभर त्यांवर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स चढवत बसायचो.

एकाचा सीडीचा खण मिटायचाच नाही. हरीश म्हणाला, "दबा के रख, चलेगा." मिलिंद अख्खं इन्स्टॉलेशन अंगठा दाबून बसला. त्याच्या आईने त्याला पोहे भरवले. सगळं आटोपलं तरी अंगठा काढायला तो घाबरत होता!

दुसऱ्याची बॅटरी मेलेली. बूट लोडर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा भाग, सगळ्यात शेवटी बसतो. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग! लाइट आली तर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब', त्या बूट लोडरचं नाव. लॅपटॉपचे मालक, अंबरनाथचे एक रिटायर्ड काका, शेजारीच बसले होते. काय म्हणतोय, त्यांनी विचारलं.

"स्वतःचं नाव सांगतो आणि गप्प बसतो," मी म्हणालो.

"आमचे जावई पहिल्या दिवशी असेच होते," काका म्हणाले. "थांबू या."

लॅपटॉप दुरुस्त होऊन गेला, तरी काका पुढच्या रविवारी आले. रिकाम्या हाताने, गप्पांना.

हरीश आता दुबईत, मिलिंद पुण्यात. माझा नवा लॅपटॉप झटकन सुरू होतो, आणि त्या रविवारांची मला फार आठवण येते.

त्याच रविवारांपैकी एकाला मांजर्लीच्या कदम काकू आल्या होत्या. त्यांचा लॅपटॉप मुलाचा होता. जर्मनीला जाताना तो आईसाठी ठेवून गेला. त्यावर विंडोज होतं, शेजारी त्याचं लिनक्सही. दोन वर्षं तो आला नव्हता, फोनही कमी झाले होते. आता लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून काकू रडकुंडीला आलेल्या. मिलिंदने बूट लोडर नव्याने बसवला. काय सुरू करायचं ते निवडायची यादी पडद्यावर आली, दोन स्वच्छ ओळींची: लिनक्स आणि विंडोज. आम्ही खूश. काकू पडद्याजवळ वाकल्या.

"त्याची ओळ कुठे गेली?"

मुलाने त्या यादीत लिहून ठेवलं होतं: आई, वरची ओळ दाब, खालची माझी आहे. काकू रोज लॅपटॉप लावून तेवढं वाचायच्या. नव्या बूट लोडरने जुनी यादी पुसून टाकली होती.

मिलिंदने लगेच त्या यादीची फाइल उघडली, काकूंनी सांगितलं तसं शब्दन्‌शब्द टाइप केलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. ओळ आली. काकूंनी चष्मा लावून ती वाचली.

"अगदी तेच आहे," त्या म्हणाल्या. मग मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला. "पण हे तू लिहिलंस रे."