आक्कांच्या डोळ्याचं माप

बिघडलेल्या कॉम्प्युटरवर आक्कांनी अर्ध्या सांगली जिल्ह्याचे वाढदिवस साजरे केले. आमचं कुपवाडात फ्लेक्सचं दुकान; डिझाइन आक्का करायच्या, गिऱ्हाइकं मी सांभाळायचो. पडद्यावर चित्र नीट दाखवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चालू ठेवला की पडदा काळाठिक्कर. म्हणून आक्कांनी तो बंद करून टाकला होता. काम चालायचं, पण सगळं आडवं ताणलेलं दिसायचं. सडपातळ नवरदेव दोन खुर्च्या अडवून बसायचा आणि भावी नगरसेवकांच्या मिशा थेट मिरजेपर्यंत पोचायच्या.

दुरुस्तीचं नाव काढलं की आक्का म्हणायच्या, "कशाला रं? पडद्यावर फुगलेला दिसला की फ्लेक्सवर माणूस बरोबर येतोय. माझ्या डोळ्याला ठावं हाय." आणि यायचाच. असा डोळा पुण्या-मुंबईत भाड्यानंसुद्धा मिळत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत सुटायचो.

मग कसल्याशा अपडेटनं ड्रायव्हर आपोआप सुधारला. पडदा सरळ झाला, आणि आम्हा दोघांना पत्ता नाही. त्याच दिवशी एका पोरानं श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी वडिलांचा फोटो आणला. वडील इथल्याच कारखान्यात फिटर, अंगानं काटक. आक्कांना पडद्यावर ते फारच बारीक वाटले. त्यांनी डोळ्याच्या सवयीनं फोटो आडवा ओढला, पडद्यावर माणूस नेहमी दिसायचा तितका फुगवला. शेजारी बसून मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पोरगा परत आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"आक्का, शेवटी दवाखान्यात पप्पांचं तोंड असंच सुजलं व्हतं. म्हणून आमी कुणाला भेटू दिलं न्हाई. आता चौकात समदी तेच बघाय लागल्यात."

आक्का तशाच उठल्या. भर चौकात, पदर खोचून, स्वतः शिडीवर चढल्या आणि फ्लेक्स उतरवला. चेहरा आत राहील अशी घडी घातली. लोक बघत होते. मी शिडी धरून जमिनीकडं बघत होतो.

नवा फ्लेक्स लागला तेव्हा फिटरची बायको म्हणाली, "आता आमचं मालक दिसाय लागलं." आक्कांची मान वर झाली नाही.

त्या परत माउसला शिवल्या नाहीत. पुढं लेकीकडं लोणंदला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "फोटो आणणाऱ्याला शेजारी बसीव. इचार, असंच दिसायचं का म्हणून."

मी विचारतो. माणसं लगेच हो म्हणत नाहीत, पडद्यावरच्या फोटोकडं नुसती बघत बसतात. तेवढा वेळ मला त्यांच्याकडं बघवत नाही.