बेशरमाचा पाला

सुजलेल्या गुडघ्यावर मी लेप बांधते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पाला वाटायचा, हळद घालायची, तव्यावर तेलात गरम करून फडक्यानं बांधायचा. पाला कशाचा, ते कुणी विचारलं नाही. मीही तो वाटूनच बाहेर आणायचे.

नात परभणीला औषधांच्या कॉलेजात शिकते. सूज उतरवणारं एखादं घरगुती औषध तपासायचं काम तिला मिळालं. उंदरांच्या पायाला सूज आणतात आणि औषधानं किती उतरते ते मोजतात म्हणे. तिनं माझा लेप निवडला. पाला न्यायला मॅडमला घेऊन आली. गल्लीतल्या बायका दारात जमल्या.

"आजी, पाला कोणता?" मॅडमनी विचारलं.

पाला बेशरमाचा. नाल्याच्या कडेला घाणीत वाढतं ते. एवढ्या जणींपुढं ते नाव माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "निर्गुडी."

"बांधावर लय हाय," म्हणत नात पिशवी घेऊन उठली.

शेजारीण उंबऱ्यावरच बसली होती. तिच्या गुडघ्याला मी कैकदा लेप बांधलेला. ती म्हणाली, "मावशी, निर्गुडीचा वास घरभर सुटतो. तुमच्या लेपाला कुठं हाय वास?"

"हळदीनं मरतो."

"मग आमच्या मालकाच्या बिडीत बी टाका की थोडी हळद!"

बायका हसल्या. नात हसली नाही. "आजी, खरं सांग. चुकीचा पाला तपासला तर माझं सगळं काम वाया जाईल."

मी चप्पल घातली आणि सगळ्यांना नाल्यावर नेलं. बोटानं झाड दाखवलं. नाव तिथंही मला घेता आलं नाही. ते शेजारणीनं घेतलं.

"बेशरम! अगं माय, इतके दिवस नाल्यातलं बांधायलीस व्हय मला?"

आजवर ती मला अहो-जाहो करायची.

मॅडम म्हणाल्या, "आजी, यात लाजायचं काय? हाच पाला तपासू. फक्त तो पोटात गेला तर विषारी असतो. लेप लावल्यावर हात धुवायला सांगत होता ना सगळ्यांना?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर का धुवायचे तेही सांगावं लागलं असतं. नात पाला तोडत होती. तिनं मान वर केली नाही.

परवा तिचा फोन आला. उंदरांची सूज बरीच उतरली. "पाला चांगला हाय, आजी," असं ती दोनदा म्हणाली. एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

शेजारणीचा गुडघा पुन्हा सुजलाय. आता ती माझ्याकडं येत नाही. नाल्यावरून स्वतः पाला आणते, अख्खी पानं गरम करून ओट्यावर बसून बांधते. मग माझ्या दारासमोरच्या नळावर साबणानं हात धुते, कोपरापर्यंत, आणि भाकरी थापायला आत जाते.