पेंग्विन घरी पोचेपर्यंत

"लेक पाच वर्षं न्यूझीलंडला, आणि आपली उडी गणपतीपुळ्यापर्यंत!" असं आमचे हे म्हणाले, आणि तिकिटं काढली. माझी हौस एकच होती, संध्याकाळी समुद्रातून निघून घरी चालत जाणारा पेंग्विन बघायचा. राणीच्या बागेत पाहिलाय, पण काचेआडचा तो जाणार कुठे?

तिथल्या विमानतळावर खायच्या वस्तू फॉर्मवर लिहाव्याच लागतात, लपवू नका. माझा मालवणी मसाला अधिकाऱ्याने हुंगला, दोनदा शिंकला आणि हसत परत दिला.

क्राइस्टचर्चहून आमची लेक शीतल गाडीने दक्षिणेला घेऊन निघाली. हॉटेलं महाग आहेत. त्यापेक्षा तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या आवारात छोट्या खोल्या मिळतात, सामायिक स्वयंपाकघर असतं. डाळ-तांदूळ तिथल्या दुकानात घ्या. आम्ही तीन दिवस खिचडी, लोणच्यावर मजेत काढले. देवाला नैवेद्यही तोच.

वाटेत खडकांवर सील पसरलेले. हे म्हणाले, "रविवारी जेवून मी असाच पडतो."

"सोमवारीही पडता," मी म्हटलं.

शेवटच्या संध्याकाळी ओटागोच्या एका किनाऱ्यावर उतरलो. दुसऱ्या टोकाला पेंग्विन बघणाऱ्यांसाठी लाकडी आडोसा होता. हे आणि शीतल पुढे गेले. मी मागे राहिले, कारण दर्यावर यायचं आणि पाण्याला हात न लावता जायचं, हे आमच्यात होत नाही. चपला काढल्या, पाणी कपाळाला लावलं, हात जोडले. वळून बघते तर आडोशातली सगळी माणसं हात हलवतायत. किती प्रेमळ लोक, म्हणून मीही हलवला.

शीतल वाकून धावत आली. "आई, हाय-हॅलो कसलं करतेस? मागे हो! तो बघ!"

लाटेत काळं डोकं. पेंग्विन पोटापर्यंत वर आला, माझ्याकडे बघितलं आणि परत पाण्यात.

"वाटेत माणूस दिसला की ते वर येत नाहीत," ती कुजबुजली. "वर झुडपात पिल्लं उपाशी असतात."

आडोशाकडे जायचं तर त्याचीच वाट ओलांडायला लागणार. आम्ही वाळूच्या उंचवट्यामागे जाऊन बसलो. तो पुन्हा आला. मी जरा मान वर केली, तर हा पुन्हा पाण्यात!

"आई, डोकं!"

मग मात्र मी समुद्राकडे पाठ केली. एवढ्या लांब आले, आणि तोंड वाळूकडे. बोटांवर जप सुरू केला. देवा, मला नको दाखवूस, पण त्याला घरी पोचव.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरच्या झुडपातून पिल्लांचा एकच कलकलाट उठला. शीतलने माझा हात दाबला. "पोचला गं."

लालबागला परतल्यावर शेजारच्या कदमवहिनी फोटो बघायला आल्या. पेंग्विनचा म्हणून माझ्याकडे एकच होता, पाण्यापासून झुडपापर्यंत ओल्या वाळूत उमटलेली पावलं.

"अहो, एवढा खर्च करून नुसती पावलं?"

"वहिनी, दरवर्षी आपल्या घरी गौर येते. ती येताना कधी दिसलीय तुम्हाला?"

त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि एकेक पाऊल बघत बसल्या.