कंधार: डोळ्यांनी तपासलेली फाईल

नाही, थांबा. आधी तुम्ही सांगा. पावसाळ्यात मी इथं त्या फाईलचा फोटो टाकला, तेव्हा खाली "वा, काय काम केलंस!" लिहिणाऱ्यांपैकी एकानं तरी ती ऐकली होती का? मीही नव्हती ऐकली. मग आता गप्प बसा आणि ही ट्रिप वाचा.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. रुखसाना कंधारच्या एका शाळेत नववीत. तिला दिसत नाही; फोन तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो. तिच्या इतिहासाच्या सरांनी हातानं काढलेल्या नोट्स मी लातूरला बसून टाईप केल्या, सरांनी त्या तिच्या फोनवर टाकल्या. जानेवारीत वाटलं, जाऊन भेटावं, एक गोड पोस्ट होईल.

जायचं असेल तर लातूरहून नांदेडची सकाळची एसटी धरा आणि लोह्याला उतरा. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला गाडी थांबते, तिथं सुशीला खा, मुरमुऱ्याचीच असते, पण लिंबू मागून घ्या. लोह्याहून कंधारला काळीपिवळी जीप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

"किल्ला बघायला आल्या का?" त्यानं विचारलं.

"नाही, एका मुलीला भेटायला."

"किल्ला बघूनच जा मॅडम. पोरी काय, कुठं बी भेटतात."

अख्खी जीप हसली. मीही.

शाळेत सर म्हणाले, "ती दिवाळीपासून येत नाही. वडिलांचं टेलरिंगचं दुकान आहे, तिथं बघा."

रुखसाना दुकानात मागच्या बाजूला शर्टाला बटणं लावत होती. बोटानं जागा चाचपायची, सुई घालायची. तिच्या अब्बांनी चहा मागवला. "ताई, तुमची लई मेहेरबानी. पण पोरीच्या डोक्यातच शिरंना. तिची गलती न्हाई."

मी म्हटलं, "रुखसाना, लाव ना जरा फाईल."

तिनं लावली. फोन बोलायला लागला: "एम, डॉलर, कंस सुरू, के, के, टिंब..."

टायपिंग क्लासमधे शिकवलेल्या जुन्या फॉन्टमधे मी ते टाईप केलं होतं. तो डोळ्यांना मराठी दिसतो, आत मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात. फोन तेवढंच वाचतो. सरांनीही फाईल उघडून बघितली होती. बघितली.

"रोज हेच ऐकायचीस?"

"हाव. मला वाटलं, मोठ्या वर्गाचं असंच असतंय. पाठ केलं ना मी."

"सहामाहीला हिला लेखनिक दिली होती," अब्बा म्हणाले. "ही सांगणार, ती पोरगी लिहिणार. हिनं तिला हेच सांगितलं. डॉलर, कंस. ती हसली, मग सगळा हॉल हसला. तवापासून शाळा बंद."

मी सांगितलं. फॉन्ट, आतली अक्षरं, चूक माझी. दोनदा सांगावं लागलं. अब्बांनी मशीन थांबवली.

"म्हंजे पोरीचं डोकं चांगलं हाय?"

"चांगलंच आहे."

"आन् मी तिला काय काय बोललो..." त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली.

"मग खरं काय होतं?" रुखसानानं विचारलं. "पहिली ओळ?"

मी पडद्यावर बघून वाचली. "कंधारचा इतिहास समजून घ्यायचा तर किल्ल्यापासून सुरुवात करावी लागते. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे."

सुई तिच्या बोटांत तशीच राहिली. "एवढंच? हे तर मला ठावंच हाय, ताई. तिकडून जाताना त्या पाण्याचा वास येतोय."

शेवटच्या जीपपर्यंत मी वाचत बसले. उठताना म्हटलं, नवीन फाईल करून आणते, शाळेत जाशील ना?

"पहिली तुम्ही ऐकली होती का, पाठवायच्या आधी?"

"नाही."

"मग ह्या बारीला ऐका." तिनं दोरा दातानं तोडला. "आन् हॉलमधल्या पोरींना बी फॉन्ट सांगणार का तुम्ही?"

लातूरला परत येऊन सगळं युनिकोडमधे, म्हणजे फोनला मराठी म्हणूनच वाचता येईल असं, टाईप केलं. कानात हेडफोन, डोळे बंद, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकलं. 'इ.स.' फोनला वाचताच येईना, तिथं 'इसवी सन' केलं. असं कितीतरी सापडलं. किल्ला बघायचा राहिलाच. सोबत आलं ते एवढंच: मी टाईप केलेलं मलाच आठवत नव्हतं, आणि ती पोरगी त्यातला डॉलर न् डॉलर पाठ करून बसली होती.

आज दोन्ही फाईल घेऊन चाललेय. नवीन तिच्यासाठी, ती उघडेल का माहीत नाही. जुनी तिच्या वर्गासाठी. सरांना एक तास मागितलाय. सगळ्या पोरींना डोळे मिटायला सांगून तीच लावणार आहे, आणि मग म्हणणार, करा पाठ.

खाली 'छान उपक्रम' लिहायची जागा बंद केलीये. नांदेडची गाडी फलाटाला लागली. निघाले.