ओहोटीत गेलेला गौतम

आमच्या इंजिनिअर पलटणीची डायव्हिंग टीम त्या हिवाळ्यात कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी तळ देऊन होती. मी जळकोटचा, सॅपर शेख; सॅपर म्हणजे इंजिनिअर पलटणीतला साधा जवान. माझा जोडीदार सॅपर गौतम, लोहाऱ्याजवळच्या एका वाडीतला. बाकीचे सगळे नदीकाठचे नाहीतर समुद्रकाठचे. उस्मानाबाद जिल्ह्यातून दोन पाणबुडे आलेत हे कळल्यावर आमचे सुभेदार साहेब पोट धरून हसले होते. "वहाँ पीने को पानी नहीं, और ये दो गोता लगाने आए हैं!" चेष्टा होती, पण खोटी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

मी पोहायला शिकलो ते पलटणीत, शिव्या खात. गौतम मात्र आला तोच मासा होऊन. त्याचे वडील सोनबा विहिरी खोदायचे. दुष्काळात विहिरी खोल करायची कामं निघाली, तेव्हा गौतमही बापाबरोबर दोराला लटकून खाली उतरायचा आणि पाणी लागलं की त्यातच पोहायचा. ज्या विहिरी त्यांनी खोदल्या, त्यांतल्या काहींवर पाणी लागल्यानंतर त्यांच्याच घराला पाणी भरू देत नव्हते. गौतम हे हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही.

काम साधं होतं. पुलाच्या सरावात आमच्या तराफ्याचे काही लोखंडी भाग खाडीत गेले होते, ते शोधायचे. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. त्या ओढीच्या विरुद्ध पोहत तळ शोधणं म्हणजे वेडेपणा. म्हणून नावेनं वरच्या अंगाला जायचं, जोडीनं बुडी मारायची आणि पाणी नेईल तसं तळाशी वाहत जायचं. एकाच्या हातात लांब दोर, दोराच्या वरच्या टोकाला नारिंगी फ्लोट. फ्लोट वाहतो, नाव त्याच्या मागं मागं येते. खाली आपण कुठं आहोत हे वरच्यांना कळायचं तेवढंच साधन.

नियम रोज सकाळी घोकून घ्यायचे. जोडीदार दिसेनासा झाला तर थोडं थांबून बघा, मग सरळ वर या. वर आल्यावर छातीवरचं जॅकेट फुगवा, शिट्टी वाजवा, पायातलं एक फिन, म्हणजे पोहायचं रबरी वल्हं, काढून उंच धरा. नावेकडे पोहू नका. दमाल आणि बुडाल. नाव तुमच्याकडे येईल. आणि दोर कशात अडकला तर सोडवत बसू नका, पोटरीवरचा चाकू काढा आणि कापा.

या शेवटच्या नियमाशी गौतमचं जमत नव्हतं. सरावात दोर मुद्दाम अडकवून ठेवलेला असायचा आणि हा पठ्ठ्या दर वेळी गाठ सोडवूनच वर यायचा.

"गौतम, ये कुआँ नहीं है," सुभेदार साहेब ओरडायचे.

"जी साहब."

मी बराकीत विचारलं, चाकू काय शोभेला बांधलाय का?

"शेखभाई, आमच्यात दोराला सुरी लावत न्हाईत," तो म्हणाला. "खालचा माणूस दोराच्या भरवशावर आसतो. आडकला तर सोडवायचा, दिसभर लागू दे. कापला तर बा पुन्हा हिरीत उतरू देत न्हाय."

त्या दिवशी आम्ही दुपार कलल्यावर बुडी मारली. फ्लोटचा दोर गौतमकडे होता. पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत होतं. सुरुवात चांगली झाली. वाळूचा तळ पोटाखालून सरकत होता, एक लोखंडी तुकडा सापडलाही. मग गौतम एकदम मागं ओढला गेला. दोर वरच्या अंगाला खडकाच्या कपारीत अडकला होता. मी त्याचा पट्टा धरला, चाकूवर हात आपटून दाखवला. त्यानं नकारार्थी मान हलवली. दोर दोन्ही हातांनी धरून तो ओढीच्या विरुद्ध खडकाकडे सरकू लागला. माझ्याकडे धरायला काहीच नव्हतं. त्याचा पट्टा माझ्या बोटांतून सुटला आणि पाण्यानं मला उचलून पुढं नेलं.

नियमाप्रमाणे थोडं थांबून बघितलं. गढूळ पाण्याखेरीज काही नाही. वर आलो, जॅकेट फुगवलं, शिट्टी वाजवली, फिन वर धरलं. नाव मागं होती, पण फार लांब नाही. त्यांना मी दिसलो. मला वर ओढल्या ओढल्या सुभेदार साहेबांनी विचारलं, "दूसरा?"

"दोर अडकलाय साहेब. फ्लोटपाशी चला."

फ्लोट दिसत नव्हता. दोर अडकल्यावर पाण्याच्या ओढीनं तो खाली खेचला गेला होता. आम्ही अंदाजानं वर गेलो, इंजिन बंद केलं, वाट पाहिली. मी पुन्हा उतरतो म्हणालो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात दाबला. "कहाँ उतरेगा?"

मग शिट्टी ऐकू आली. आमच्या पाठीमागून, समुद्राच्या बाजूनं. दोर हातातून सुटून तो वर आला होता आणि ओहोटी त्याला आमच्या नकळत पार खाली घेऊन गेली होती. जिवंत आहे हे कळल्यावर मी नावेत अक्षरशः नाचलो.

साहेबांनी वॉकी-टॉकी उचलला. "किनारा, किनारा, मैं नाव. एक मिला. दूसरे की सीटी सुनाई दे रही है. पश्चिम. ओव्हर."

"नाव, मैं किनारा. दिखता है क्या? ओव्हर."

"नहीं दिखता. ओव्हर."

पश्चिमेला सूर्य होता आणि सगळा समुद्र काचेच्या चुऱ्यासारखा चमकत होता. डोळे उघडे ठेवणं मुश्किल. माणसाचं डोकं पाण्याबाहेर दिसून दिसून किती दिसणार? एका नारळाएवढं. आम्ही आवाजाच्या दिशेनं जायचो, इंजिन बंद करून कान द्यायचो, पुन्हा निघायचो. वाऱ्यानं शिट्टी कधी उजवीकडून यायची, कधी डावीकडून.

एकदाच दिसला. मधे वाळूचा बांध होता, त्यावर लाटा फुटत होत्या आणि त्यापलीकडे दोन हात चालत होते. पोहत होता. आमच्याकडेच पोहत होता. मी भोंगा हिसकावून घेतला. "गौतम, पोहू नको! थांब! आम्ही येतोय!" त्याच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे. बांधावरून नाव नेली असती तर उलटली असती, म्हणून वळसा घ्यावा लागला. वळसा घेऊन पोचलो तिथं चमकणाऱ्या पाण्याशिवाय काही नव्हतं. शिट्टी मात्र अजून येत होती, लांबून, थांबून थांबून. मग तीही थांबली.

आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो. शेवटी किनाऱ्यावरून परत फिरण्याचा हुकूम आला. साहेबांनी तो दोनदा विचारून घेतला, मग नाव वळवली. मी टोकाला बसून मागं बघत राहिलो. पुढचे कित्येक दिवस शोध चालला. दोर सापडला, खडकात तसाच अडकलेला, कुठंही न कापलेला. गौतम सापडला नाही.

त्याची ट्रंक घेऊन मला पाठवलं. लोहाऱ्याहून जीपनं वाडीच्या फाट्यावर उतरलो. तार आधी पोचली होती. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती जळत होती, गौतमची आई तिच्यापाशी बसली होती. सोनबांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "गावला का?"

"न्हाय बाबा."

"मंग उपसायला कवा लागनार?"

मला आधी समजलंच नाही. आमच्याकडे कुणी विहिरीत पडला तर गाव इंजिनं आणून लावतं आणि माणूस सापडेपर्यंत विहीर उपसतं. सोनबांच्या हिशेबी पाणी म्हणजे उपसता येणारी गोष्ट.

"सोसायटीचं डिझेल इंजिन हाय," ते म्हणाले. "चेरमनच्या पाया पडतो. अजून दोन-चार गावातली मिळतेल. टरकात घालून नेऊ."

"बाबा, त्या पाण्याला तळ आहे, पण काठ न्हाय," मी म्हणालो. "एका बाजूनं उपसलं तर दुसऱ्या बाजूनं येतंय." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खोटं बोलत नाही एवढं त्यांना कळलं असावं. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडात धरला. माझ्या वयाच्या पोराला बापासारख्या माणसाचं रडं बघवत नाही, पण उठून जाणार कुठं? बसून राहिलो.

पलटणीच्या पत्रात दोराचं लिहून आलं होतं. ते म्हणाले, "दोर कापला न्हाय म्हणं त्यानं."

"न्हाय."

"म्याच शिकवलं." मग ते म्हणाले, "सगळं सांग. जसं झालं तसं."

मी सांगितलं. शिट्टी सांगितली, बांध सांगितला, डोळ्यांवर येणारं ऊनही सांगितलं. उन्हापाशी त्यांनी मला थांबवलं.

"ऊन तुमच्या तोंडावर हुतं?"

"व्हय."

"म्हंजी त्येच्या पाठीवर." ते सावरून बसले. "हिरीच्या तळाला उभा ऱ्हायलो ना पोरा, का वरची सगळी दिसतेत. कोन इडी वडतंय ते बी दिसतंय. वरच्याला खालचा दिसत न्हाय, पर खालच्याला वरचा दिसतो. तसंच झालं की. तुमी दिसत हुता त्येला."

"दिसत असणार."

"नाव बी?"

"नाव पण."

"मंग एकटा न्हवता माजा लेक," ते म्हणाले आणि आत वळून बायकोला हाक मारली. "आगं ऐकलंस का? ह्येंची नाव दिसत हुती त्येला."

सॅपर गौतमची समाधी नाही, थडगं नाही. मी पेन्शनवर आलो तसा दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी जातो. आई मला खिरीची वाटी देते, आणि सोनबा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्याकडे बोट करून सांगतात की पोराला शेवटपर्यंत ह्यांची नाव दिसत होती. मी मान डोलावतो. आम्ही ती माघारी वळवली तेव्हाही त्याला ती दिसत असेल, हे मी त्या घरात कधी बोललेलो नाही.