डाव्या हाताची कात्री

३ फेब्रुवारी २००३ रोजी कंपनीच्या किरकोळ खर्चातून मी चौसष्ट डॉलर पन्नास सेंटची एक कात्री विकत आणली. बारा इंची, काळ्या मुठीची, चांगल्या दुकानातली. कटिंग मास्तरांची कात्री चोरीला गेली होती, तिच्या बदली ही. पावती फाइलला लावली आणि प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो.

मास्तरांनी नवी कात्री हातात घेतली, एकदा उघडली, मिटली आणि माझ्या टेबलावर परत ठेवली.

"हिशेबराव, ही उजवी आहे."

कात्रीतही उजवी-डावी असते हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. मास्तरांनी दाखवलं. डाव्या कात्रीत वरचं पातं डावीकडे असतं. डावखुऱ्या माणसाने उजवी कात्री चालवली किंवा उजव्याने डावी, तर पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं.

मास्तर जन्माचे डावखुरे. वडील शिंपी. त्यांनी मुलाचा डावा हात वर्षभर नाडीने कमरेला बांधून ठेवला, छड्या मारल्या, पण उजव्या हाताला कात्री काही वळली नाही. शेवटी मास्तर सोळा वर्षांचे असताना वडील स्वतःच लोहाराकडे गेले आणि ट्रकच्या पाट्याचं पोलाद देऊन डावी कात्री घडवून आणली. वडिलांनी आयुष्यात घेतलेली ती एकच माघार, असं मास्तर सांगत. ती कात्री घेऊन ते परदेशात आले होते. आमची कंपनी गणवेश शिवायची. नवीन ऑर्डर आली की पहिला नमुना मास्तर त्या कात्रीने कापत. बघणारे म्हणत, कात्री कापडावरून आपोआप चालते. हाताचं श्रेय कात्रीला दिलेलं मास्तरांना आवडत नसे.

कंपनीच्या खोलीत आम्ही तिघे राहायचो. मी, मास्तर आणि त्यांच्या हाताखालचा दुय्यम कटर. दुय्यम कटरला सगळे गोडबोल्या म्हणत. मॅनेजरला 'सर', जमादाराला 'काका', मला 'दादा' आणि मास्तरांना 'गुरुजी' म्हणून दिवसातून चारदा नमस्कार. सुट्टीच्या दिवशी तो ड्रायव्हर लोकांच्या वस्तीत जाऊन पँटी आखूड करून द्यायचा आणि वरकमाई करायचा.

मास्तर दर सुट्टीला कात्री खोलीवर आणून तिला तेल देत. चोरी झाली त्या सुट्टीला तेल दिलं, फडक्यात गुंडाळून कॉटवर ठेवली आणि घरी फोन करायला ते खाली गेले. मी बाजारात गेलो होतो. मास्तर परत आले तेव्हा फडकं घडी घालून ठेवलेलं होतं आणि कात्री नव्हती. खोलीत फक्त गोडबोल्या होता, तोही म्हणे न्हाणीघरात. शोधायला सर्वांत पुढे तोच. दोन तास तो कॉटखाली सरपटत होता. पुन्हा पुन्हा म्हणत होता, गुरुजी, तुमच्या पायाची शपथ, जीव तुटतो हो माझा.

मास्तरांनी घरी कळवलं. त्यांच्या बायकोने समजूत घालणं दूरच, ती फोनवर म्हणाली की मामंजींची कात्री ज्याने नेली त्याला सोडलंत तर दारात पाय ठेवू नका. हे मास्तरांनीच मला सांगितलं, थोडं हसून. नंतर ते हसले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी जेवताना मास्तरांनी गोडबोल्याचा उजवा हात पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला मोठा फोड होता. विचारलं तर म्हणाला, इस्त्रीने पोळलं. मास्तरांनी मान डोलावली. तो हात धुवायला गेल्यावर मला म्हणाले, "इस्त्रीने बोटं पोळतात. हा फोड मुठीचा आहे. डाव्या कात्रीची मूठ उजव्या अंगठ्याला तिथेच रुतते."

मी म्हटलं, मॅनेजरला सांगू. सांगितलंही. मॅनेजर म्हणाला, फोडावर चोरी सिद्ध होत नाही आणि कात्री तर आपण नवीन दिली आहे. मग तिथेच त्याने निकाल दिला. नव्या कात्रीने मास्तरांना नमुने कापता येत नाहीत, तेव्हा नमुने आणि पॅटर्न आजपासून गोडबोल्याकडे. मास्तरांनी शेवटच्या टेबलावर बसून तयार कपड्यांचे धागे तोडावेत. मास्तरांचा करार जुलैअखेर संपत होता. धागे तोडणाऱ्याचा करार कोणी वाढवत नाही.

गोडबोल्या त्या दिवसापासून 'गुरुजी' म्हणायचा बंद झाला. 'मास्तर' म्हणू लागला, तेही ओझरतं. एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरांचा हात म्हणजे कात्रीच होती की. कात्री गेली, हात गेला."

मास्तर धागे तोडत राहिले. मला वाटलं, माणूस खचला. पण तसं नव्हतं. त्यांनी डूख धरला होता. संध्याकाळी खोलीत ते गोडबोल्यासमोर बसून त्याच्याकडे नुसते बघत. गोडबोल्या कूस बदलून झोपायचा. मी एकदा म्हटलं, मास्तर, असं किती दिवस बघणार? म्हणाले, "बघतोय कुठे? वाट पाहतोय."

एप्रिलमध्ये ऑर्डर आली. दवाखान्यातल्या पुरुष कर्मचाऱ्यांचे कोट, सहाशे चाळीस. डावीकडे खिसा, डावी पट्टी उजवीवर येणारी. असेच कोट दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी केले होते, त्यामुळे जाड पुठ्ठ्याचे पॅटर्न तयार होते. आता यात एक गोम होती. सगळे कटर टेबलावर कापडाचे थर सुलटी बाजू वर ठेवून घालतात. मास्तर डावखुरे असल्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकापासून काम करत आणि थर उलटी बाजू वर घालत. त्यांचे सगळे पॅटर्न त्याच हिशेबाने आखलेले होते.

मी त्या दिवशी कापडाचे तागे मोजायला कटिंग खात्यात होतो. गोडबोल्याने पोरांना थर सुलटे घालायला लावले आणि म्हणाला, "उलटे कारभार बंद आता. इथून पुढे सगळं सरळ." मग त्यावर मास्तरांचे पॅटर्न ठेवले, खडूने आखले आणि मशीन चालवलं. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. शेवटच्या टेबलावर मास्तरांनी धागा तोडता तोडता वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

चहाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. किती कापून झालं, विचारलं. मी म्हटलं, दीडशेच्या आसपास. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. सगळे कोट आरशातल्यासारखे होणार होते. खिसा उजवीकडे, पट्टी बायकांच्या कोटासारखी. कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने भुरकट, म्हणजे उलटवून शिवायची सोय नाही.

मी म्हटलं, "मास्तर, अजून थांबवता येईल."

"येईल ना. तुम्ही कंपनीचं मीठ खाता, तुम्ही सांगा. मी अडवणार नाही."

मी चहा संपवला आणि तागे मोजायला परत गेलो. तीन दिवस कटिंग चाललं. तिन्ही दिवस मी तिथून जात-येत होतो. माझ्याही मनात त्या घडी घातलेल्या फडक्याचा राग होता. चोराने चोरी करावी, पण फडक्याची घडी घालण्याइतकं निवांत असावं, हे मला सोसत नव्हतं.

चौथ्या दिवशी पहिला शिवलेला कोट पुतळ्याला घातला. मॅनेजरने खिसा पाहिला, पट्टी पाहिली. मग गोडबोल्याला बोलावलं. तो एकदम ओरडू लागला की पॅटर्न मास्तरांचे आहेत, त्यांनी मुद्दाम चुकीचे करून ठेवले. मास्तर शांतपणे उठले, पॅटर्नचा पुठ्ठा आणला, पाठ वर केली आणि माझ्या हातात दिला. पाठीवर शिसपेन्सिलने, दोन वर्षांच्या धुळीखाली लिहिलं होतं. मॅनेजरला मराठी येत नव्हती. मी मोठ्याने वाचून अर्थ सांगितला, "कापड उलटी बाजू वर घालावे." प्रत्येक पुठ्ठ्यावर तेच होतं. मी सगळे अकरा वाचले. एक वाचून भागलं असतं.

गोडबोल्याला आठ दिवसांत परत पाठवायचं ठरलं. मास्तर कटिंगला परत आले. मॅनेजरने डावी कात्री टपालाने मागवली आणि जुलैत करारही वाढवला.

निघायच्या दिवशी गोडबोल्या बॅग भरून कॉटवर बसला होता. मास्तर समोर. नेहमीसारखे बघत. अखेर त्याने खिशातून धारवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी काढून मास्तरांच्या पुढ्यात टाकली.

"घ्या. तिथे आहे. चालतच नव्हती तुमची कात्री. कापड नुसतं चावत होती. बोथट झाली म्हणून धारेला टाकली."

मास्तर म्हणाले, "कोणाच्या हातात चालत नव्हती?"

गोडबोल्या म्हणाला, "मास्तर, चूक झाली. पोटासाठी माणूस..."

"पोटासाठी नाही रे. तुला वाटलं कात्री नेली की हात मिळेल."

खाली गाडी आली. तो गेला. मास्तरांनी त्याला बॅग उचलायला मदत केली नाही. मीही नाही.

आम्ही दोघे धारवाल्याकडे गेलो. म्हातारा आपल्या कामावर खूश होता. म्हणाला, कोणीतरी अडाण्याने धार भलत्याच बाजूला लावली होती, गिऱ्हाइकानेही ती कापड चावते असं सांगितलं, म्हणून दोन्ही पाती घासून सरळ करून ठेवली आहेत. मास्तरांनी चिंधी मागितली. डाव्या हाताने चालवून पाहिली, मग उजव्या हाताने. चिंधी दोन्ही वेळा पात्यांमध्ये दुमडली. पोलाद निम्मं घासलं गेलं होतं, पुन्हा डावी करण्याइतकं उरलं नव्हतं. मास्तरांनी कात्री फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "परत बोलवा त्याला. मला अजून एकदा घालवायचाय."

धारेचे अठरा डॉलर झाले. मास्तर म्हणाले, मी एक पैसा देणार नाही, धारेला ज्याने टाकली तो देईल. पैसे मिळाल्याशिवाय म्हातारा कात्री सोडेना, म्हणून मी दिले.

पुढच्या महिन्यापासून मास्तरांनी गोडबोल्याला पत्रं धाडायला सुरुवात केली. बंद पाकीट नाही, उघडं कार्ड, आणि पत्ता त्याच्या सासऱ्यांचा. मजकूर मास्तर सांगत, मी लिहीत असे, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'आपल्या जावयांनी आमची कात्री चोरून धारेला टाकली, त्या धारेचे अठरा डॉलर त्यांच्याकडून यायचे आहेत. कृपया आठवण करून द्यावी.' पोस्टमनला, शेजाऱ्यांना वाचता यावं असं ठळक अक्षर काढायला मास्तर सांगत. तीन कार्डांनंतर मी म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, तुम्हाला कंटाळा आला असेल तर मी डाव्या हाताने लिहितो.

मी एकूण सात कार्डं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. अठरा डॉलर अजून येणे आहेत.